खालच्या खणातले गार्ड

दुकानात शिरलेला माणूस आधी डोळे फिरवतो, मग मान, मग पाय. तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून मी एवढं एकच शास्त्र नीट शिकलो आहे. मंगळवारी अकराच्या सुमाराला जो आला त्याचं काहीतरी चुकत होतं आणि काय चुकतंय ते कळायला मला जरा वेळ लागला. तो मान वळवत नव्हता, अख्खाच वळत होता. डावीकडच्या भिंतीवर टांगलेली ड्रिल मशीनं बघायला तो खांद्यापासून डावीकडे झाला, मग सबंध वळून माझ्यासमोर आला, तेव्हा दिसलं की डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी आहे. पट्टी स्वच्छ होती, घरी कुणीतरी काळजीने कापून लावलेली. वय पस्तिशीचं. नखांत सिमेंट. हातातली कापडी पिशवी त्याने काउंटरच्या काचेवर इतकी हळू ठेवली, की आत काहीतरी जड आहे हे त्यावरूनच कळलं.

"ओळखलंत का काका?"

"ओळखलं की," मी म्हणालो. ओळखलं नव्हतं. पण 'नाही' आणि 'माहीत नाही' हे दोन शब्द मी काउंटरवर कधी उच्चारलेले नाहीत. पहिल्या नोकरीत शेटजींनी पहिल्याच दिवशी ते माझ्या तोंडातून काढून घेतले होते. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा त्याला उत्तर नको असतं, धीर हवा असतो, असं ते म्हणायचे. बाकी सगळं विसरलो, हे मात्र हाडात बसलं.

"फरशा बसवतो मी. सहा महिने झाले, तुमच्याकडूनच कापायचा ग्राइंडर नेला होता. चार इंची. वर टोपी फुकट दिली होतीत तुम्ही." त्याने पिशवीचं तोंड सोडून मशीन बाहेर काढलं. पुसून आणलेलं होतं, वायरसुद्धा नीट गुंडाळलेली. "याला गार्ड पाहिजे होता."

माझ्या पोटात काही झालं नाही. व्हायला हवं होतं. अशा वेळी माणसाच्या पोटात खड्डा पडतो, हात गार पडतात, असं मी ऐकून आहे. मी फक्त एवढं पाहिलं, की त्याने वायर बांधायला बुटाची जुनी नाडी वापरली आहे आणि गाठ सुटायला सोपी मारली आहे. कदाचित मी मुळातच असा असेन. वडील गेले तेव्हा तेराव्या दिवशी त्यांचे शर्ट आवरायला घेतले, सगळे नीट घडी घालून, कॉलर उभी करून, आत पुठ्ठा सरकवून एकावर एक रचून ठेवले. बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, कुणाला विकायचेत ते?" ती म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली. रडू तिला आलं. वडील माझे होते.

शर्टांच्या दुकानात मी एकोणतीस वर्षं काढली. तयार शर्ट, बंद खोक्यातले. तिथलं माझं कसब म्हणजे शर्ट उघडणं. नव्या शर्टाला अकरा टाचण्या असतात. दोन कॉलरच्या मागे, दोन खांद्यांवर, बाह्यांना दोन-दोन, आणि तीन अशा चोरून लावलेल्या, की अनाडी माणसाच्या हमखास मानेत घुसतात. कॉलरमध्ये प्लास्टिकची पट्टी, पाठीत पुठ्ठा, पहिल्या गुंडीखाली एक पारदर्शक फुलपाखरू. मी हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर एक-एक काढायचो, टाचण्या डबीत, प्लास्टिक टोपलीत, आणि शर्ट असा त्याच्या हातावर ठेवायचो, की घातला आणि निघाला. लोकांना ते आवडायचं. काही चिकट लोक पुठ्ठा आणि टाचण्याही मागून न्यायचे. मी हसून द्यायचो. ही माझी सेवा होती, अगदी अभिमान वाटावा अशी. मग लोक शर्ट फोनवरून मागवायला लागले, घरी उघडायला लागले, आपापल्या टाचण्या आपापल्या मानेत घुसवून घ्यायला लागले. दुकान बंद पडलं. एक्कावन्नाव्या वर्षी मी घरी बसलो आणि आठ महिने बसूनच होतो.

या दुकानात मला घेतलं ते माझ्या जिभेवर. मालक माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पोरगेलासा, बरा माणूस. "मशीनचं काय हो, शिकाल. गिऱ्हाईक सांभाळणारा माणूस मिळत नाही," तो म्हणाला. शिकायला म्हणून कंपनीचा माणूस एक दिवस आला. खरं म्हणजे अर्धाच दिवस, कारण त्याला दुपारची गाडी होती. त्याने लॅपटॉप उघडून चित्रं दाखवली, त्यांतली बरीचशी कंपनी किती देशांत पसरली आहे त्याची होती. मग बिल कसं करायचं, टोपीची ऑफर कशी सांगायची, महाग मशीन आधी आणि स्वस्त नंतर का दाखवायचं. दोनदा चहा झाला. शेवटी वीस प्रश्नांचा कागद आला. घड्याळाकडे बघत तो म्हणाला, "काका, वेळ नाही. पहिल्या दहांना क, पुढच्यांना ब." मी पास झालो. प्रमाणपत्र काउंटरच्या मागे फ्रेममध्ये लावलेलं आहे, आणि अंगात हा नारिंगी शर्ट आहे ज्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'मला विचारा.' त्याला टाचण्या नऊच होत्या. हलका माल.

दुसऱ्या दिवशी पहिला चार इंची ग्राइंडर विकला. खोकं उघडलं. मशीन पुठ्ठ्याच्या खाचेत बसवलेलं, वायरीला तारेचा वेढा, हँडल वेगळ्या पिशवीत, आणि जिथे चकती बसते तिथे एक अर्धगोल लोखंडी पत्रा, वर पातळ प्लास्टिक चढवलेलं. काउंटरवर नमुन्याला जे मशीन ठेवलेलं होतं, त्याला असा पत्रा नव्हता. चकती कशी फिरते ते गिऱ्हाइकाला नीट दिसावं म्हणून मालकाने तो कधीच काढून टाकला होता. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, उघडं असतं ते खरं मशीन आणि वर असतं ते पॅकिंग. वाटेत धक्का लागू नये म्हणून. एक स्क्रू सैल केला की निघत होता. मी तो गिऱ्हाइकासमोर, जरा झोकात, काढला, खालच्या खणात टाकला आणि मशीन त्याच्या हातावर ठेवलं. नेलं आणि सुरू केलं. चार महिने मी हे केलं. दोघातिघांनी तो पत्रा हसून मागून घेतला, तेव्हा मला ते पुठ्ठा मागणारे चिकट लोक आठवले आणि मीही हसून दिला.

पाचव्या महिन्यात कंपनीचा तोच माणूस माल बघायला आला आणि त्याने मला स्क्रू फिरवताना पाहिलं. "अहो, अहो, काय करताय?" आधी ओरडला, मग हसत सुटला. तो गार्ड असतो, चकती फुटली तर तुकडे माणसाच्या अंगावर येऊ नयेत म्हणून, हे त्याने मला हसता-हसताच सांगितलं. मालकही केबिनमधून येऊन हसला. त्या दिवसापासून मी दुकानात पॅकिंगकाका झालो. संध्याकाळी मी खण मोजला. अडतीस होते. प्रत्येकावर अजून ते पातळ प्लास्टिक. मी मालकाला म्हणालो, "यांना कळवायला पाहिजे." तो डोकं खाजवत म्हणाला, "कुणाकुणाला शोधत बसणार काका? आणि काय सांगणार, आमच्या माणसाला कळत नव्हतं? ज्याला लागेल तो येईल." मला ते पटलं नाही, पण बरं वाटलं. या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात.

वॉरंटीची कार्डं त्याच खणात होती, रबरात बांधलेली. फोन नंबरासकट. एकदा दुपारी मालक जेवायला गेला असताना मी वरचं कार्ड काढून नंबर लावला. पलीकडे कुणीतरी उचलला. मागे मशीन चालू होतं, तो कर्कश्श आवाज मला आता झोपेतही ओळखू येतो. "हॅलो, कोण? जोरात बोला, ऐकू येत नाही," तो माणूस ओरडत होता. तो आवाज अगदी त्याच्या कानाशी होता. म्हणजे हाताशी. म्हणजे तोंडाशी. मी म्हणालो, "राँग नंबर." कार्ड परत रबरात घातलं आणि डबा उघडून जेवलो. जेवण गेलं, हे मी सांगितलं पाहिजे. चवीने नाही, पण गेलं.

लहानपणी आम्ही ज्या चौकाजवळ राहायचो तिथे लोक वडिलांना पत्ता विचारायचे. त्यांचा चेहराच तसा होता, विचारावंसं वाटणारा. माझाही आहे. एकदा एक माणूस जड बॅग घेऊन आला, घामाने भिजलेला, कुठल्याशा दवाखान्याचं नाव घेतलं. वडिलांनी क्षणभरही न थांबता हात लांब केला, "सरळ जा, डावीकडे वळा, समोरच." तो आभार मानून गेला. मी म्हणालो, "बाबा, तिकडे तर भिंत आहे ना?" ते म्हणाले, "असेल. पण एवढ्या आशेने विचारलं त्याने, त्याला काहीतरी सांगायला नको?" मी पारावर बसून वाट बघत राहिलो. तो माणूस परत येईल, भिंतीला थडकून, चिडून, आणि वडिलांना शिव्या घालेल म्हणून. आला नाही. आजपर्यंत मला कळलेलं नाही, की त्याला दुसरा रस्ता सापडला की दवाखान्यात ज्याच्यासाठी निघाला होता ते माणूस तोवर राहिलंच नाही.

"चकती फुटली," फरशीवाला सांगत होता. मी इतका वेळ काय करत होतो कोण जाणे, बहुतेक मान हलवत होतो. "कोपऱ्यातली फरशी होती, जरा तिरकी धरली. टण्ण करून आवाज आला, मग काही नाही. दुखलंसुद्धा नाही आधी. मला वाटलं लाइट गेले." तो हसला. "पण काम चालू आहे हां. लेव्हल बघायला तसाही एकच डोळा लागतो."

"अरेरे," मी म्हणालो. माझा आवाज मला शर्टाच्या दुकानातला वाटला, साइज संपला की काढायचो तसा.

"दवाखान्यात पहिलं हेच विचारलं, गार्ड कुठे होता? ठेकेदाराने तेच विचारलं. आता बायको तेच विचारते, रोज. म्हणते, तुला घाई असते, तूच काढून फेकलास कुठेतरी. घर पालथं घातलं काका. माळा, खाटेखाली, पत्र्याची पेटी. नाही सापडत." त्याने आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू? आधी मला काढल्याचं आठवत नव्हतं. भांडायचो तिच्याशी. पण आता आठवायला लागलंय. आपल्याच ओट्यावर बसलोय, पाना घेतलाय, स्क्रू फिरवतोय. अगदी दिसतं. म्हणजे मीच काढला असणार ना? म्हटलं तुम्हाला विचारावं. तुम्ही जाणकार माणूस. नेला तेव्हा होता ना गार्ड?"

खोक्यात होता. 'हो' म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. कंपनी प्रत्येक खोक्यात घालते. काचेच्या केबिनमध्ये मालक फोनवर बोलत होता, बोलता-बोलता त्याने पट्टीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान अगदी किंचित डावी-उजवी हलवली. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. आता मला कोणी घेणार नाही, ना शर्टांवर ना मशीनांवर. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं, दुसऱ्या कुणाच्या घरातलं भांडण खिडकीतून दिसावं तसं. मी विचार करत होतो तो वेगळाच. तो ओट्यावर बसलेला, स्क्रू फिरवणारा माणूस मी होतो. याने माझे हात नेले होते, आपल्या मनगटांना लावले होते, आणि आता रोज बायकोपुढे ते माझे हात घेऊन मान खाली घालून बसत होता.

"नव्हता," मी म्हणालो. "मी काढला होता. इथेच, तुमच्यासमोर. मला वाटलं पॅकिंग आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. एका डोळ्याने बघणाऱ्या माणसाचं बघणं टाळता येत नाही, ते एकाच ठिकाणी येऊन थांबतं. मग तो हळूच हसला आणि चक्क माझ्या हातावर हात ठेवला.

"नका हो काका. माझं मन राखायला असं बोलू नका."

"मन राखायला नाही. खरं सांगतोय."

"कळतं मला. मघापासून बघतोय, तुमचा चेहरा उतरलाय. पण तुमच्यासारखा माणूस असं कसं करेल?" त्याने माझ्या मागच्या भिंतीकडे, फ्रेमकडे, सबंध अंगाने वळून बोट केलं. "एवढं शिकलेला माणूस. तुम्ही नवा गार्ड द्या फक्त, चूक माझी आहे. सवय होईल मला."

केबिनचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मालक येत होता. तो गोड बोलला असता, गार्ड फुकट दिला असता, आणखी एक टोपी दिली असती, आणि हा माणूस ती टोपी घालून घरी जाऊन बायकोला सांगणार होता, की दुकानातले लोक फार चांगले आहेत, चूक माझीच. मी खाली बसलो. खालचा खण जड आहे, तो नेहमी अडतो, गुडघा लावून ओढावा लागतो. ओढला, तो निसटून अख्खाच हातात आला. उचलून काउंटरवर ठेवताना काच तडकते की काय असं वाटलं. मी एक-एक काढून मांडायला लागलो. सवयीने ओळीत मांडले, पाठ वर, तोंड माझ्याकडे, शर्ट मांडतात तसे. आठ-आठाच्या ओळी. मालक म्हणाला, "काका, हे काय चाललंय?" मी मांडत राहिलो. पाचव्या ओळीत सहाच बसले.

फरशीवाला कडेकडेने सरकत ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. एका डोळ्यात सगळे मावत नव्हते. त्याने एक उचलला, वरचं प्लास्टिक अंगठ्याने चाचपलं, परत होता तिथेच ठेवला. त्याचा चेहरा बदलला, पण मी म्हणत होतो तसा नाही. राग येईल असं मला वाटलं होतं. रागाची मी वाट बघत होतो, त्या पारावर बसलो होतो तसा. तो भिंतीला थडकून परत आलेला माणूस शेवटी आला होता, आणि शिव्या घालत नव्हता.

"म्हणजे मी नव्हता काढला," तो म्हणाला.

"नाही."

"मग ते ओट्यावरचं..." त्याने हवेत स्क्रू फिरवल्यासारखी बोटं फिरवली आणि ती तशीच थांबली. बराच वेळ तो त्या बोटांकडे बघत होता. मालक म्हणाला, "आपण आत बसून बोलू, चहा मागवतो." ते त्याच्यापर्यंत पोचलं नसावं. त्याने पुन्हा सगळ्या ओळींकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे, तितक्याच विश्वासाने, जितक्या विश्वासाने सहा महिन्यांपूर्वी पाहिलं असेल.

"यातला माझा कुठला, काका?"

सगळे सारखे होते. एकाच साच्यातले, एकाच रंगाचे, कशावर नंबर नाही, खूण नाही. तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. उत्तर तयार होतं. कुठलाही एक उचलून 'हा' म्हटलं असतं तर तो घेऊन गेला असता, घरी नेऊन बायकोसमोर ठेवला असता. माझा हात पुढे गेलाही होता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

हात काचेवर पडला आणि जवळचे दोन गार्ड एकमेकांवर वाजले. मी तो हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. फरशीवाला गेला नाही. पिशवी काखेत धरून तो तिथेच उभा राहिला. मी शोधून देईन, असं त्याला वाटत होतं.